ॲलाउड मेमरी साइझ एक्झॉस्टेड: वर्डप्रेस ब्लॉगच्या डॅशबोर्डचं दार बंद झालं तर आत कसं जायचं?



वर्डप्रेसवर स्वतःचा ब्लॉग चालवणाऱ्यांना कधी ना कधी भेटणाऱ्या एका एररबद्दल आज सविस्तर बोलू. तुम्ही लॉगिन करायला जाता आणि डॅशबोर्डऐवजी पांढऱ्या पानावर इंग्रजीतली एक ओळ दिसते: "फेटल एरर: ॲलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड". त्यापुढे आणखी किती बाइट्स मागितले तो आकडा, एका फाइलचा लांबलचक पत्ता आणि ओळीचा क्रमांक असतो. काही वेळा हेही दिसत नाही. नुसतं कोरं पान, नाहीतर "५०० इंटर्नल सर्व्हर एरर", नाहीतर या वेबसाइटवर क्रिटिकल एरर आली आहे, ॲडमिनचा ईमेल तपासा, असा निरोप. तिन्हींच्या मागे बऱ्याचदा एकच कारण असतं.

अशा वेळी सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "माझे लेख गेले का?" त्याचं उत्तर आधी देतो. नाही गेले. लेख, कमेंट्स, कॅटेगरी हे सगळं मायएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये असतं आणि फोटो अपलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये असतात. मेमरीची एरर या दोन्हींना हात लावत नाही. नुकसान होतं ते नंतर, घाबरून काहीतरी डिलीट केल्यामुळे, किंवा "नव्याने वर्डप्रेस इन्स्टॉल करून बघतो" म्हणत सीपॅनलमधलं बटण दाबल्यामुळे. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी अशी निवडली आहे की ती उलटी फिरवता येते. फोल्डरचं नाव बदलायचं, डिलीट करायचं नाही. एखादी ओळ वाढवायची, जुनी खोडायची नाही. वर्डप्रेस पुन्हा इन्स्टॉल करणं या यादीत कुठेच येत नाही.

हे सगळं स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस चालवणाऱ्यांसाठी आहे. ब्लॉगर म्हणजेच ब्लॉगस्पॉट, किंवा वर्डप्रेस डॉट कॉमचा फुकट ब्लॉग वापरत असाल तर सर्व्हर त्यांचा आणि काळजीही त्यांची.

मेमरी म्हणजे नक्की कोणती?

"माझ्याकडे १० जीबीमधली ७ जीबी जागा शिल्लक आहे, मग मेमरी संपली कशी?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की उत्तर पाठ झालंय. स्वयंपाकघरात फडताळ असतं आणि ओटा असतो. होस्टिंगची १० जीबी म्हणजे फडताळ. फायली, फोटो, डेटाबेस तिथे कायमचे ठेवलेले असतात. एररमधली मेमरी म्हणजे ओटा. कुणी तुमचं पान उघडलं की पीएचपी फडताळातून लागेल ते ओट्यावर काढते, पान तयार करते, वाचकाकडे पाठवते आणि ओटा रिकामा करते. पुढच्या वाचकासाठी पुन्हा पहिल्यापासून. फडताळ कितीही मोठं असलं तरी ओटा तेवढाच राहतो.

ही मर्यादा मुद्दाम घातलेली असते. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट्स असतात. एखाद्या साइटच्या बिघडलेल्या कोडने सर्व्हरची सगळी मेमरी खाल्ली तर शेजारच्या साइट्सही झोपतील. म्हणून पीएचपीमध्ये मेमरी लिमिट नावाची सेटिंग आहे आणि तिची मूळ किंमत १२८ एमबी असते. होस्टिंगवाले ती कमी-जास्त करतात. एका पानासाठी तेवढी मेमरी वापरून झाली आणि आणखी एक घास मागितला की पीएचपी तिथल्या तिथे काम थांबवते. फेटल एरर म्हणजे हे थांबणं.

यातली गोम अशी की एररमध्ये ज्या फाइलचं नाव येतं ती फाइल दोषी असेलच असं नाही. ओटा आधीच भरलेला होता आणि शेवटची वाटी ठेवायला जो गेला त्याचं नाव छापलं गेलं. बाकीची भांडी कुणी मांडली हे त्या ओळीत नसतं. त्यामुळे "एररमध्ये वर्डप्रेसच्याच डेटाबेसच्या फाइलचं नाव आहे, म्हणजे वर्डप्रेस खराब झालं" असं समजू नका. नाव एखाद्या प्लगइनच्या फोल्डरमधलं असेल तर संशयाला जागा आहे. पण संशयच, पुरावा नव्हे.

आधी आकडा वाचा

एररमधला पहिला मोठा आकडा म्हणजे मोडलेली मर्यादा, बाइट्समध्ये. तिला १०४८५७६ ने भागलं की एमबी मिळतात. नेहमी दिसणारे आकडे असे: ४१९४३०४० म्हणजे ४० एमबी, ६७१०८८६४ म्हणजे ६४, १३४२१७७२८ म्हणजे १२८, २६८४३५४५६ म्हणजे २५६ आणि ५३६८७०९१२ म्हणजे ५१२. कंसातला दुसरा आकडा शेवटी मागितलेल्या घासाचा. तो २० हजारांच्या आसपास असेल तर ओटा हळूहळू भरत गेला होता. तोच कोटींमध्ये असेल तर कुणीतरी एकाच वेळी प्रचंड मोठी गोष्ट मागितली आहे. बहुतेक वेळा तो मोठा फोटो निघतो, नाहीतर डेटाबेसमधली एखादी फुगलेली नोंद.

मोबाइलवर एररचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे काहीही बदललं की हा आकडा बदलला का ते बघायचं आहे. बदल परिणामकारक झाला की नाही हे ओळखायची याहून सोपी खूण नाही.

"ॲलाउड मेमरी" ऐवजी नुसतं "आउट ऑफ मेमरी" असं छापलेलं असेल तर प्रकरण वेगळं आहे. तिथे पीएचपीची मर्यादा शिल्लक असते, पण सर्व्हरकडे किंवा तुमच्या खात्याला दिलेल्या वाट्यात मेमरी उरलेली नसते. मर्यादा वाढवून तिथे उपयोग नाही. होस्टिंगशीच बोलावं लागतं.

ब्लॉग दिसतोय, मग लॉगिन का होत नाही?

बऱ्याच जणांच्या बाबतीत वाचकांना ब्लॉग व्यवस्थित दिसत असतो आणि मालकच बाहेर राहतो. कारण बहुधा कॅशे असतं. वाचकाला आधीच तयार करून ठेवलेलं पान मिळतं, त्यासाठी ओट्यावर फार काही काढावं लागत नाही. डॅशबोर्ड मात्र दरवेळी ताजा बनतो. प्लगइन्स आपापले मेन्यू, अपडेटच्या तपासण्या, आकडेवारीचे डबे तिथेच मांडतात.

वर्डप्रेसच्या स्वतःच्या दोन मर्यादा असतात. साइटसाठीची मुळात ४० एमबी आणि डॅशबोर्डसाठीची २५६ एमबी. होस्टिंगची मर्यादा यापेक्षा कमी असेल तरच वर्डप्रेस ती वाढवायचा प्रयत्न करतं, जास्त असेल तर कमी करत नाही. मग डॅशबोर्डला २५६ असताना एररमध्ये १२८ का? डॅशबोर्डची वाढीव मर्यादा लागू होते ती सगळी प्लगइन्स लोड झाल्यानंतर. प्लगइन्स लोड होतानाच मेमरी संपली तर वर्डप्रेस तिथपर्यंत पोचतच नाही. दुसरी शक्यता म्हणजे होस्टिंगने मर्यादा बदलण्याची परवानगीच काढून घेतलेली असते.

दार उघडण्याचे तीन मार्ग

पहिला, ईमेल बघा. वर्डप्रेस ५.२ पासून म्हणजे २०१९ पासून रिकव्हरी मोड आहे. डॅशबोर्ड किंवा लॉगिनच्या पानावर फेटल एरर आली की ॲडमिनच्या ईमेलवर साइटमध्ये तांत्रिक अडचण असल्याचा मेल येतो आणि त्यात एक खास लिंक असते. स्पॅममध्येही शोधा. ती लिंक साधारण एक दिवस चालते. तिच्यातून आत गेलात की अडचणीचं प्लगइन फक्त तुमच्यापुरतं थांबवलेलं असतं, बाहेर वाचकांना एरर दिसतच राहते. त्यामुळे आत गेल्यावर ते प्लगइन रीतसर बंद करायला विसरू नका.

मेमरीच्या एररमध्ये हा मेल पुष्कळदा येतच नाही, आणि लोक तासन्‌तास वाट बघतात. शेवटची वाटी ठेवणारी फाइल एखाद्या प्लगइनची किंवा थीमची असेल तरच वर्डप्रेसला कुणाला थांबवायचं ते कळतं. ती फाइल वर्डप्रेसची स्वतःची असेल तर रिकव्हरी मोड गप्प बसतो. अर्ध्या तासात मेल आला नाही तर पुढे चला.

दुसरा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये किंवा त्यांच्या स्वतःच्या पॅनेलमध्ये फाइल मॅनेजर उघडा. पब्लिक एचटीएमएल या फोल्डरमध्ये डब्ल्यूपी-कंटेंट आणि त्याच्या आत प्लगइन्स नावाचं फोल्डर दिसेल. अलीकडेच एखादं प्लगइन टाकलं किंवा अपडेट केलं असेल तर फक्त त्याच्या फोल्डरचं नाव बदला, शेवटी "बंद" या अर्थाचा एखादा इंग्रजी शब्द जोडला तरी पुरे. कुणावर संशयच नसेल तर अख्ख्या प्लगइन्स फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला प्लगइन्स सापडणार नाहीत, ते त्यांच्याशिवाय सुरू होईल आणि तुम्ही लॉगिन करू शकाल.

यात क्रम महत्त्वाचा आहे. लॉगिन झाल्यावर आधी डॅशबोर्डमधलं प्लगइन्सचं पान उघडा. फायली सापडत नाहीत म्हणून अमुक अमुक प्लगइन्स बंद केली, असा निरोप तिथे दिसेल. त्यानंतरच फाइल मॅनेजरमध्ये जाऊन फोल्डरचं मूळ नाव परत द्या. हे पान न उघडताच नाव परत दिलंत तर सगळी प्लगइन्स पुन्हा चालू अवस्थेतच येतील आणि दार परत बंद. प्लगइन असं बंद झाल्याने त्याच्या सेटिंग्ज पुसल्या जात नाहीत. डॅशबोर्डमधून डिलीट केलं तर मात्र काही प्लगइन्स जाताना आपला डेटाही पुसून जातात, हे लक्षात असू द्या.

तिसरा मार्ग म्हणजे मर्यादा वाढवणं. बहुतेक ठिकाणी हाच पहिला सांगतात. मी तिसरा ठेवतो, कारण एरर यामुळे काही दिवस दिसेनाशी होते आणि मग कारण शोधायचं राहून जातं. तरीही मर्यादा ६४ एमबी असेल आणि साइटवर पेज बिल्डर, एसइओचं प्लगइन, दुकान असं सगळं असेल, तर ती वाढवणं रास्तच आहे.

त्यासाठी डब्ल्यूपी-कॉन्फिग ही पीएचपी फाइल उघडा. उघडण्याआधी तिची एक प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्या, कारण डेटाबेसचा पासवर्ड याच फाइलमध्ये असतो. तिच्यात अशी एक ओळ घालायची:

डिफाइन( 'डब्ल्यूपी_मेमरी_लिमिट', '२५६एम' );

इथे मी ती वाचायला सोपी म्हणून देवनागरीत लिहिली आहे. फाइलमध्ये सगळं इंग्रजीत टाइप करायचं. डिफाइन हा शब्द लहान अक्षरांत, अवतरणातलं नाव मोठ्या अक्षरांत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर, आणि अंकही इंग्रजी. ही ओळ फाइलमध्ये असलेल्या "दॅट्स ऑल, स्टॉप एडिटिंग" या वाक्याच्या वर यायला हवी. खाली टाकली तर तोपर्यंत वर्डप्रेसने आपली मर्यादा ठरवलेली असते.

दोन बारीक गोष्टींनी इथे खूप जणांचा वेळ जातो. आकड्यापुढे फक्त एम लिहायचं, एमबी नाही. एमबी लिहिलं तर पीएचपी ते एकक ओळखत नाही आणि २५६ म्हणजे २५६ बाइट्स समजते. होस्टिंगच्या सेटिंगमध्ये ही चूक झाली की एररमध्ये २०९७१५२ असा आकडा दिसतो, म्हणजे जेमतेम २ एमबी. दुसरी गोष्ट अवतरणचिन्हांची. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून ओळ कॉपी केली की अवतरणं वळणदार होतात. पीएचपीला सरळ अवतरणंच चालतात, त्यामुळे ती हातानेच टाइप करा.

आता पान पुन्हा उघडा आणि आकडा बघा. एरर गेली तर उत्तमच. एरर आहे आणि आकडा जुनाच आहे, तर तुमची ओळ लागू झालेली नाही. ती चुकीच्या जागी आहे, किंवा होस्टिंग तुमचं ऐकत नाही. अशा वेळी सीपॅनलमध्ये मल्टीपीएचपी आयएनआय एडिटर किंवा सिलेक्ट पीएचपी व्हर्जन या ठिकाणी मेमरी लिमिट थेट बदलता येतं का बघा. यूझर आयएनआय फाइलमधून बदल केला असेल तर पाच मिनिटं थांबा, कारण पीएचपी ती फाइल मुळात दर ३०० सेकंदांनीच पुन्हा वाचते. एचटीॲक्सेस फाइलमध्ये पीएचपी व्हॅल्यूची ओळ टाकायचा सल्ला अजूनही फिरत असतो. तो सर्व्हरवर पीएचपी अपाचेचं मॉड्यूल म्हणून चालत असेल तर लागू होतो. नसेल तर ५०० एरर येऊन चालू असलेला ब्लॉगही बंद पडू शकतो. मी तो सल्ला देत नाही.

आणि आकडा बदलला, १२८ चा २५६ झाला, तरी एरर तशीच आली तर? तर ओटा लहान असणं हा प्रश्नच नाही. कोणतं तरी कोड एकाच चक्रात फिरतंय किंवा एखादी गोष्ट बेसुमार फुगली आहे. त्याला ५१२ दिले तरी तो तेवढे खाईल. मर्यादाच काढून टाकायची म्हणून उणे एक लिहायचा मोह काहींना होतो. शेअर्ड होस्टिंगवर तो टाळाच, कारण मग तुमचं खातंच बंद केलं जाऊ शकतं.

आत आल्यावर खरा खादाड शोधा

प्लगइन्स एकेक करून चालू करा आणि दरवेळी डॅशबोर्ड उघडून बघा. कंटाळवाणं आहे, पण काम होतं. नेमके आकडे हवे असतील तर क्वेरी मॉनिटर नावाचं फुकट प्लगइन आहे. प्रत्येक पानाला जास्तीत जास्त किती मेमरी लागली आणि मर्यादा किती, ते दाखवतं. एखादं प्लगइन चालू केल्यावर आकडा ४० वरून ४६ झाला तर ठीक, ४० वरून ११० झाला तर थांबा. काम झालं की क्वेरी मॉनिटरही बंद करा, तेही थोडी मेमरी खातं. प्लगइन्स सगळी बंद असतानाही एरर येत असेल तर थीमचा नंबर लागतो. तिच्या फोल्डरचं नाव बदलून, वर्डप्रेसची एखादी मूळ थीम शिल्लक आहे ना ते बघून, अपिअरन्समधलं थीम्सचं पान उघडायचं.

गेल्या काही वर्षांत मला वारंवार दिसणारं कारण मात्र प्लगइन किंवा थीमपेक्षा वेगळं आहे, ते म्हणजे फोनचे फोटो. फोटोची फाइल ४ एमबीची दिसते म्हणून ती हलकी वाटते. पण फोटोचे लहान आकार बनवताना सर्व्हर तो पूर्ण उलगडतो आणि जीडी ही लायब्ररी वापरत असेल तर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट्स लागतात. ४००० गुणिले ३००० चा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, म्हणजेच साधारण ४६ एमबी. ५० मेगापिक्सेलचा फोटो उलगडला की १९० एमबी. फाइल किती एमबीची आहे याचा इथे काही संबंध नाही, लांबी-रुंदी मोजली जाते. वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलहून मोठे फोटो आपोआप लहान करतं खरं, पण लहान करण्यासाठी आधी उलगडावा लागतोच. गणपतीच्या सजावटीचे किंवा ट्रेकचे फोटो फोनवरून थेट चढवताना एरर येते ती यामुळे. फोनवरच फोटो २००० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून चढवा. किंवा होस्टिंगला सर्व्हरवर इमॅजिक चालू करायला सांगा. ते असलं की वर्डप्रेस आधी तेच वापरतं आणि त्याची मेमरी पीएचपीच्या मर्यादेत मोजली जात नाही.

दुसरं कारण जास्त छुपं आहे आणि त्यासाठी एक उदाहरण सांगतो. वसुबारसेच्या आदल्या दिवशी पाककृतींचा ब्लॉग चालवणाऱ्या एका ताईंचा फोन आला. "दादा, चकलीची आणि अनारशांची पानं वर्षभरात याच आठवड्यात सगळ्यात जास्त बघितली जातात, आणि मला आतच जाता येत नाहीये." होस्टिंगच्या सपोर्टने त्यांना मोठा प्लॅन घ्यायला सांगितलं होतं. मर्यादा त्याआधी दोनदा वाढवून झाली होती, ६४ वरून १२८ आणि मग २५६. दरवेळी काही महिने बरे जायचे आणि एरर परत यायची. हे ऐकल्यावरच मला वाटलं की कुठेतरी काहीतरी वाढत चाललंय. बिघडलेलं प्लगइन असं महिने मोजून येत नाही, साठत जाणारी गोष्ट येते.

प्लगइन्सच्या फोल्डरचं नाव बदलून आम्ही आत गेलो. एकेक चालू करताना सापडलं ते भेटींची नोंद ठेवणारं एक लहानसं प्लगइन. कोण आलं, कुठल्या पानावर आलं, याची सगळी यादी ते डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलमध्ये एकाच नोंदीत कोंबत होतं. ती नोंद २० एमबीच्या घरात गेली होती आणि तिच्यापुढे ऑटोलोड चालू होतं.

ऑटोलोड म्हणजे ही नोंद प्रत्येक पान बनवताना, गरज असो वा नसो, ओट्यावर काढायची. ब्लॉगचं नाव, चालू थीम, अशा छोट्या आणि सतत लागणाऱ्या गोष्टींसाठी ही सोय आहे. तिथे २० एमबीची यादी ठेवली की ती वाचताना, उलगडताना आणि पुन्हा लिहिताना तिच्या कित्येक प्रती मेमरीत तयार होतात. यादी उलगडल्यावर मूळ मजकुराच्या काही पट जागा घेते. जितके वाचक वाढतील तितकी नोंद मोठी, म्हणजे ब्लॉग चांगला चालला की बंद पडणार.

प्लगइन बंद केलं तरी ती नोंद डेटाबेसमध्ये तशीच राहते आणि प्रत्येक पानावर ओट्यावर येतच राहते. ताईंच्या बाबतीत आधी डेटाबेसचा बॅकअप घेतला, मग पीएचपीमायॲडमिनमध्ये त्या एका नोंदीचा ऑटोलोडचा रकाना बदलून ऑफ केला. दोन दिवस सगळं ठीक आहे बघून मग ती नोंद काढली. मर्यादा पुन्हा १२८ वर आणली, जुन्याच प्लॅनवर ब्लॉग चालू राहिला. चकलीचं पान भाऊबीजेपर्यंत एकदाही अडलं नाही.

तुमच्याकडे असं काही आहे का हे बघायला वर्डप्रेस ६.६ पासून सोय आहे. टूल्समध्ये साइट हेल्थ उघडा. ऑटोलोड होणाऱ्या नोंदींची बेरीज ८०० केबीच्या वर गेली तर तिथे इशारा मिळतो. त्याच पानावर इन्फो या टॅबमध्ये सर्व्हरखाली सध्याची पीएचपी मेमरी लिमिटही दिसते. जुनं व्हर्जन असेल तर होस्टिंगला सांगा की ऑप्शन्स टेबलमधल्या ऑटोलोड होणाऱ्या सगळ्यात मोठ्या दहा नोंदींची नावं आणि आकार द्या. त्यांना हे दोन मिनिटांचं काम आहे.

होस्टिंगशी बोलताना

"साइट चालत नाही" एवढंच कळवलं तर उत्तर ठरलेलं असतं, प्लॅन अपग्रेड करा. त्याऐवजी एररची पूर्ण ओळ, ती आली ती वेळ आणि तुम्ही केलेले बदल लिहा. मग नेमकं विचारा: माझ्या खात्याला पीएचपीची मेमरी लिमिट जास्तीत जास्त किती देता? आणि त्या वेळेची एरर लॉगमधली ओळ पाठवाल का? पान कोरं येत असेल तर ही लॉगची ओळच तुमचा एकमेव धागा असतो.

क्लाउडलिनक्स असलेल्या होस्टिंगवर पीएचपीच्या मर्यादेशिवाय अख्ख्या खात्याचीही वेगळी मर्यादा असते. ती ओलांडली की ५०० किंवा ५०३ येतं. सीपॅनलमधल्या रिसोर्स यूसेजमध्ये त्याचा आलेख बघता येतो. ५०८ आलं तर ते मेमरीबद्दल नाही, एका वेळी खूप विनंत्या आल्या असा त्याचा अर्थ. तिथे कॅशे लावणं किंवा बॉट्स रोखणं उपयोगी पडतं, मेमरी वाढवून फरक पडणार नाही. आणि हो, सगळं तपासून झाल्यावर साधं पान उघडायलाच मर्यादेच्या जवळ मेमरी लागत असेल, प्लगइन्सही खरोखर गरजेची असतील, तर मोठा प्लॅन घेण्यात काही वावगं नाही. फक्त तो निर्णय आकडे बघून घ्या, घाबरून नको.

लॉग स्वतःच बघायचा असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी_डीबग आणि डब्ल्यूपी_डीबग_लॉग ट्रू करा, डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले फॉल्स ठेवा. एरर डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या डीबग लॉग नावाच्या फाइलमध्ये लिहिल्या जातील, वाचकांना दिसणार नाहीत. काम झालं की दोन्ही परत फॉल्स करा आणि ती लॉग फाइल काढून टाका. अनेक होस्टिंगवर ती फाइल ब्राउझरमध्ये पत्ता टाकून कुणालाही वाचता येते, आणि तुमच्या सर्व्हरवरच्या फोल्डरांचे सगळे पत्ते तिच्यात असतात.